मागवलेलं आणि मागोमाग आलेलं

दुकानातला कॉम्प्युटर त्या दिवशी सुरू झाला तो तोंड पाडूनच. पडद्याच्या मधोमध एक चौकट, आणि चौकटीत लिहिलेलं: जागा शिल्लक नाही. मामाने ते वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. यंत्र आहे, कुरकुर करणारच. पण गेले कित्येक दिवस मामा हेच वाक्य घरातल्या कोणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट बघत होता, आणि पहिल्यांदा ते बोललं कोण, तर हा डबा.

दुकान पाट्यांचं. ज्याला ज्याला आपण कोण ते जगाला सांगायचं असतं तो इथे येतो: वकील, वाणी, शिकवणीवाले, नवं घर बांधलेली माणसं. मालक म्हणजे दाजी, मामाच्या ताईचे यजमान. मामा हा ताईचा धाकटा भाऊ. भाचीचा मामा म्हणून तो हळूहळू सगळ्यांचाच मामा झाला होता. गिऱ्हाइकांचा, पोस्टमनचा, समोरच्या न्हाव्याचा आणि खुद्द दाजींचासुद्धा. पूर्वी तो ब्रशने पाट्या रंगवायचा. मग कटिंग मशीन आलं. ते रंगीत चिकट कागदावर पातं फिरवून अक्षरं कापतं, आणि मामाकडे उरलं ते सोलायचं काम. अक्षरांभोवतीचा नको तेवढा कागद चिमट्याने अलगद उचलायचा, अक्षर जागेवर ठेवायचं. दिसायला सोपं. पण घाईने ओढलं की नको त्याबरोबर हवं तेही निघून येतं, एखादा अनुस्वार गुपचूप कचऱ्यात जातो आणि गिऱ्हाईक पाटीखाली उभं राहून कपाळाला आठ्या घालतं.

ताईला जाऊन आता बराच काळ झाला होता. ती लग्न करून या घरात आली तीच मुळी एका अटीवर. आईवडील नाहीत, तेव्हा धाकटा भाऊ बरोबर येईल. ही गोष्ट ती दर थोड्या दिवसांनी, ताटावर बसल्या बसल्या रंगवून सांगायची. "तुझ्या दाजींनी अट ऐकली आणि म्हणाले, विचार करून सांगतो. आठवडाभर तोंड लांब करून हिंडत होते. मला वाटलं, गेलं स्थळ हातचं!" मग ती पोट धरून हसायची. दाजी पाण्याचा पेला तोंडाला लावायचे. मामाही हसायचा, पण तो आठवडा त्याच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता. आपल्याला घरात घ्यायला ज्या माणसाला आठवडाभर विचार करावा लागला, त्याच्या घरात आपण राहतो. ताई होती तोवर ठीक होतं. तिच्यासाठी आलो, तिच्याजवळ राहिलो. आता कोणाच्या नावावर राहायचं?

त्यात भाची परत आली. ती एका मोठ्या कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायची, आणि आता कंपनीने घरून काम करा म्हटलं होतं. घरून करायचं म्हणजे बसायला खोली हवी. घरात रिकामी करता येण्याजोगी खोली एकच, दुकानाच्या वरची, मामाची. कोणी तसं म्हटलं नव्हतं. कोणीच काही म्हणत नाही याचाच मामाला जास्त घोर लागला होता.

दुसऱ्या गावी त्याचा एक जुना दोस्त होता, नाटकांचे पडदे रंगवणारा, एकटा जीव. "ये रे इकडे, दोघं मिळून म्हातारे होऊ," असं तो दर फोनला म्हणायचा. मामा इतके दिवस ते हसण्यावारी न्यायचा.

"मामा, हा कॉम्प्युटर आहे की माळा?" भाचीने खुर्ची ओढून घेतली आणि बाह्या सरसावल्या. "किती जमवून ठेवलंय यात! बाबा, दातांच्या डॉक्टरीणबाईंची पाटी कधी द्यायची आहे?"

"आज संध्याकाळी," दाजी आतून ओरडले. "उद्या तिचा दवाखाना उघडतोय. आणि तिचा तो फोटो या डब्यात मावत नाही म्हणे!"

"मावेल. थोडी झाडलोट करते." भाचीची बोटं चालू लागली. मामा चहाची कपबशी घेऊन तिच्या शेजारी स्टुलावर बसला. भाची लहान असताना तो असाच ब्रश चालवायचा आणि ती शेजारी बसून बघायची. आता जागा बदलल्या होत्या, एवढंच.

"हे बघ," ती म्हणाली. "आपण एखादं पॅकेज मागवतो ना, म्हणजे एखादा प्रोग्राम, तेव्हा तो एकटा येत नाही. त्याला लागणारी आणखी चार पॅकेजं बरोबर घेऊन येतो. कॉम्प्युटर सगळ्यांची नोंद ठेवतो. हे मागवलेलं, आणि हे मागोमाग आलेलं."

"बरं."

"हा चित्रांचा जुना प्रोग्राम. कोण वापरतं?"

"कोणी नाही. नवा आल्यापासून त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलेलं नाही."

"मग हा गेला." टक. "आता याच्या मागोमाग जे आले होते, त्यांचं काय?"

"काय करतात ते?"

"काही नाही. बसून आहेत. ज्याच्यासाठी आले तो गेला, पण यांना जा म्हणून कोणी सांगितलं नाही. अनाथ म्हणतात अशांना. थट्टा नाही करत, आमच्याकडे खरंच तसंच म्हणतात."

मामाने कप बशीत ठेवला. "मग ते आपण होऊन निघून जात नाहीत?"

"इतकं शहाणं पॅकेज अजून जन्माला यायचंय, मामा!" भाची हसली. "त्यांना काढावं लागतं. नाहीतर जागा अडवून बसतात."

तिच्या मनात काहीही नव्हतं. ती पोरगी पॅकेजांबद्दल बोलत होती. पण मामाचं मन त्या दिवशी असं हळवं झालं होतं की कोणी उंदरांबद्दल बोललं असतं तरी त्याने ते स्वतःला लावून घेतलं असतं.

पडद्यावर नावांची ही लांबलचक यादी आली आणि खाली प्रश्न आला, काढून टाकू का?

"दाब तू," भाची म्हणाली. "होय म्हण. तुझ्या हातून होऊ दे."

"वाचायची नाही का आधी?"

"कोण वाचतं रे! कोणाला नको आहेत म्हणूनच तर यादीत आहेत."

मामाने बोट उचललं, क्षणभर हवेत धरलं आणि होय दाबलं. नावं भराभर वर सरकत नाहीशी झाली. एकानेही तक्रार केली नाही. पडद्यावरची चौकट गेली, फोटो मावला, भाचीने टाळी वाजवली. मामा मात्र हळूच उठून मागच्या दारी गेला आणि त्याने दोस्ताला फोन लावला.

"येतो म्हणालास?" दोस्ताचा विश्वासच बसेना. "खरं की काय? कधी?"

"उद्याच येतो. अजून कोणाला सांगितलेलं नाही. आज पाटी लावून झाली की सांगेन."

वर जाऊन त्याने पिशवी भरली. कपडे थोडेच होते. ब्रश मात्र सगळे घेतले, केस झडलेलेसुद्धा. ताईने विणलेला मफलर घेतला. पिशवी जिन्याखाली ठेवली आणि मनाशी म्हणाला, चला, एक तरी शहाणं पॅकेज निघालं. विनोद चांगला होता, पण ऐकायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं त्यालाही हसू आलं नाही.

"मामाऽऽ!"

दाजींचा हा आवाज वर्षातून एखाद्या वेळीच निघायचा. मामा धावत दुकानात आला. मशीनने दवाखान्याची पाटी कापून बाहेर सोडली होती, आणि दाजी ती टेबलावर पसरून तिच्याकडे बघत होते.

वेलांट्या आपापली अक्षरं सोडून भलत्याच अक्षरांच्या गळ्यात पडल्या होत्या. जोडाक्षरं फुटून त्यांचे पाय लोंबत होते. ‘सर्व’ या शब्दावरचा रफार तर पार शेजारच्या शब्दाच्या दारात जाऊन उभा होता. दातांच्या दवाखान्याची पाटी, आणि पाटीचेच दात हलत होते.

"ही वर चढवली," दाजी म्हणाले, "तर बाई पेशंट बाजूला ठेवून आधी पाटीला कवळी बसवेल."

"मी फक्त नको असलेलंच काढलंय!" भाचीचा चेहरा उतरला. तिने यादी पुन्हा उघडली आणि एका नावावर बोट ठेवलं. "हे. अक्षरं जुळवून देणारं पॅकेज. जुन्या चित्रांच्या प्रोग्रामबरोबर आलेलं. पण ते दुसऱ्या कोणालाच लागत नव्हतं! कॉम्प्युटरला विचारलं ना मी. तो म्हणतो, कोणालाच नाही."

"आपल्या अक्षरांच्या प्रोग्रामलाही नाही?" मामाने विचारलं.

"कुठला अक्षरांचा प्रोग्राम? यादीत असं काही नाहीच."

मामाने मान खाजवली. "यादीत कसा असेल? तो मी रीतसर आणलाच नव्हता." आणि मग त्याने सांगितलं. मशीन नवं होतं तेव्हा त्यात यायची ती अक्षरं कारखान्याची, सगळी एकाच मापाची, मरगळलेली. दाजींना ती बघवेनात. म्हणून मामाने आपली हाताची अक्षरं कागदावर काढली, एका छापखानेवाल्या ओळखीच्याने त्यांचा छोटासा प्रोग्राम बनवून पेनड्राइव्हवर दिला, आणि मामाने तो फोनवर विचारत विचारत, कुठल्यातरी फोल्डरात नेऊन बसवला. चालला. त्या दिवसापासून दुकानातली प्रत्येक पाटी मामाच्या अक्षरात कापली जात होती.

भाचीने कपाळावर हात मारला. "म्हणजे तो मागच्या दाराने आत आला. कॉम्प्युटरच्या नोंदीत तो नाहीच, मग तो कोणाच्या आधारावर उभा आहे ते तरी त्याला कसं कळणार? मामा, अरे सांगायचंस ना!"

"तू यादी वाचायचीस ना!"

चूक दोघांत सारखी वाटून घेतल्यामुळे भांडायला कोणी उरलं नाही.

"वाद नंतर," दाजी म्हणाले. "बाई येतील."

भाचीने ते पॅकेज परत आणलं. मशीन खरखरलं, पातं फिरलं आणि अक्षरं पुन्हा शहाण्या मुलांसारखी आपापल्या जागी बसली. मामाने सुटकेचा श्वास सोडला. भाची मात्र अजून काहीतरी लिहीत होती.

"आता काय करतेस?"

"खूण करते. हे आता मागोमाग आलेलं नाही, मागवलेलं. एकदा ही खूण केली ना, की कितीही झाडलोट करा, याला कोणी काढू का म्हणून विचारतसुद्धा नाही."

"एवढ्याने होतं?"

"एक ओळ लिहायची, बस."

"पॅकेजाचं बरं आहे," मामा म्हणाला. तोंडातून निघून गेलं. भाचीने वळून बघितलं, पण तेवढ्यात दाजी जिन्याखालची शिडी काढायला गेले आणि कशाला तरी अडखळले.

"ही पिशवी कोणाची?" दाजींनी ती उचलून टेबलावर आणून ठेवली. पिशवीच्या तोंडातून ब्रश डोकावत होते. त्यावरून पिशवी कोणाची ते विचारायची काही गरज उरली नाही.

मामाने पाटी पुढ्यात ओढली आणि सोलायला घेतली. हाताला काम असलं की बोलायला सोपं जातं.

"मी उद्या जातोय, दाजी. तो पडदेवाला दोस्त आहे ना, त्याच्याकडे. पोरीला खोली लागेल. आणि मी तसा ताईबरोबर आलेलो. तीच गेली. आता उगाच जागा अडवून…"

"मला खोली?" भाची उसळली. "तुझी? तिथे टर्पेंटाईनचा इतका वास आहे की मी कामाला बसले तर दुपारपर्यंत झिंगेन! मी इथे खाली बसणार आहे, खिडकीपाशी. बाबांनी सुताराला टेबल सांगून झालंय. मामा, तू ते मघाचं स्वतःला लावून घेतलंस का? अरे देवा. मी पॅकेजांबद्दल बोलत होते रे!"

"तुझं काही चुकलं नाही. खरं तेच आहे."

दाजी समोर बसून पाटीचं दुसरं टोक सोलायला लागले होते. त्यांनी चिमटा खाली ठेवला. काम अर्धवट टाकून दाजींनी चिमटा ठेवल्याचं मामाने आजवर पाहिलं नव्हतं.

"कोण कोणाबरोबर आलं?" दाजींनी विचारलं.

"मी. ताईबरोबर."

"कोणी सांगितलं?"

"ताईनेच. अट होती तिची. तुम्ही आठवडाभर विचार केलात, मग हो म्हणालात."

दाजींचे कान लाल झाले. ते खिडकीतून बाहेर बघायला लागले, मग आत बघायला लागले, मग त्यांनी चष्मा पुसला.

"तुमच्याकडे एक सायकलवाला होता," ते शेवटी म्हणाले. "त्याच्या भिंतीवर लिहिलेलं होतं, ‘हवा भरून मिळेल’."

"मीच लिहिलं होतं. माझं पहिलं काम ते."

"मला सांगतोस? माझ्या चाकातली हवा गेली म्हणून मी थांबलो, आणि हवा राहिली बाजूला, भिंतच बघत बसलो. तो ‘ळ’! काय टम्म फुगवला होतास! सगळी हवा त्यानेच भरून घेतली होती. मी विचारलं, कोणी लिहिलं? त्याने घर दाखवलं. मी नुकतं दुकान टाकलं होतं. मला अक्षर काढणारा माणूस हवा होता. मी तुला न्यायला आलो होतो, मामा. दार वाजवलं. तू नव्हतास. दार उघडलं तुझ्या ताईने."

मामाच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"मग?" भाचीने विचारलं.

"मग काय? तिने पाणी दिलं. मी कशाला आलो होतो ते विसरलो."

"बाबा!"

"पुढच्या वेळी आठवत होतं. पण दार पुन्हा तिनेच उघडलं. हा कुठल्यातरी भिंतीवर चढलेला. असं बऱ्याचदा झालं. तिला वाटलं, मी तिच्यासाठी येतोय."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तोवर मलाही तसंच वाटायला लागलं होतं." दाजींनी चष्मा पुन्हा पुसला, तो तसा स्वच्छच होता. "मी लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, भाऊ बरोबर येईल. मला नाचावंसं वाटलं! पण लग्नाचं विचारायला आलेला माणूस भावाचं नाव ऐकून नाचायला लागला तर बाई काय समजेल? याला बायको नको, रंगारी हवाय. म्हणून म्हटलं, विचार करून सांगतो. तो आठवडा तोंड लांब करून हिंडताना माझे काय हाल झाले ते मला विचार."

भाचीने तोंडावर हात दाबून धरला होता, पण हसू बोटांतून फुटत होतं. "आईला कधीच कळलं नाही?"

"शेवटच्या आजारपणात मी सांगून टाकलं. म्हटलं, एवढं एक लपवलं होतं. तर म्हणते, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पाणी पिताना तुमचे डोळे माझ्याकडे नव्हते, आमच्या दारावरच्या अक्षरांवर होते. खोटं आहे ते. निम्मं लक्ष तिच्याकडे होतं."

आता कुठे मामाला उमगलं, ती गोष्ट सांगताना ताई एवढी पोट धरून का हसायची, आणि दाजी नेमके तेव्हाच पाणी का प्यायचे. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर जेवायला बसून तो एकटाच त्या विनोदाच्या बाहेर होता.

"मग मला का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"तीच म्हणाली, त्याला सांगू नका. डोक्यावर चढून बसेल." दाजींनी पिशवी मामाकडे सरकवली. "पण तू तर पिशवी घेऊन जिना उतरलास. त्यापेक्षा डोक्यावर चढलेला परवडला."

"म्हणजे मागवलेला मामा," भाची सावकाश म्हणाली, "आणि मागोमाग आली ती आई."

"असं तिच्यासमोर म्हणाली असतीस तर जेवायला मिळालं नसतं," दाजी म्हणाले, आणि चिमटा उचलून पुन्हा कामाला लागले.

मामाला रडू आलं. त्याने ते लपवायचा प्रयत्नही केला नाही, कारण दोन्ही हात कामात होते आणि दवाखान्याच्या ‘हसरे दात’ या नावातली ‘रे’वरची मात्रा जपून सोलायची होती. रडता रडता त्याला हसूही येत होतं. एका आठवड्याच्या गैरसमजावर आपण जन्मभर अंग चोरून राहिलो, आणि ज्याच्यापुढे अंग चोरत होतो तो माणूस आपल्या ‘ळ’वर जीव टाकून बसला होता, हे त्याच्या पचनी पडायला वेळ लागणार होता.

संध्याकाळी पाटी दवाखान्यावर चढली. दातांच्या डॉक्टरीणबाई रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाल्या, "अक्षरं किती छान आहेत हो! कुठून आणलीत?"

"आणली नाहीत, आमच्या घरचीच आहेत," दाजी म्हणाले आणि शिडी खांद्यावर घेऊन चालू लागले.

परत येताना मामाचा फोन वाजला. दोस्त होता, भलताच उत्साहात. "उद्या किती वाजता येतोस? तुझ्यासाठी खाट उन्हात टाकून झाडलीय."

"मी येत नाही रे."

"का? काय झालं?"

मामा जरा मागे राहिला. पुढे दाजी शिडी सावरत चालले होते, आणि भाची त्यांना "डावीकडे, बाबा, खांब आहे!" असं ओरडून सांगत होती.

"मला इथे मागवून आणलंय," मामा म्हणाला.

"आणलंय? कधी?"

"झाली बरीच वर्षं. मला आजच कळलं."